पोतेऱ्या कुणाची वाट बघत होता?

संध्याकाळी सिस्टर इस्पितळातल्या कामावरून घरी आली. चपला दाराबाहेरच्या डब्यात टाकल्या, बाटलीतलं औषध दोन्ही हातांवर चोळलं आणि कुलूप उघडलं. पोतेऱ्या दाराशीच बसला होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं, नाक जरासं पुढे केलं, मग तिच्या पायांना वळसा घालून तो उंबऱ्यावर जाऊन बसला आणि गल्लीच्या टोकाकडे डोळे लावून वाट बघू लागला.

"अरे, आले की मी!" सिस्टर म्हणाली.

पोतेऱ्याचे कान ताठ झाले. शेपूट एकदा हललं. पण मागं काही तो वळला नाही. आवाज आला म्हणजे आता बाईसाहेब गल्लीतून येणारच, अशा खात्रीनं तो आणखीच सावरून बसला.

"रुसलाय मेला," असं पुटपुटत ती आत गेली.

थोड्या वेळानं तिचा नवरा आला. तो एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. त्याच्या अंगावर मात्र पोतेऱ्या दोन्ही पाय टाकून चढला, हात चाटले, पिशवी हुंगली. आणि हे सगळं उरकून पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसला.

"अगं, हा आता कुणासाठी बसलाय?" नवरा हसत म्हणाला. "घरातली होती नव्हती ती दोन्ही माणसं तर आली."

हे तो सहज बोलला. पण वर्षभरापूर्वीपर्यंत त्या घरात माणसं तीन होती.

तिसरं माणूस म्हणजे सिस्टरच्या सासूबाई. कुत्रा त्यांचाच. गल्लीच्या नळापाशी भिजून काकडत पडलेलं हे पिल्लू त्यांनी उचलून आणलं, तेव्हा त्याचा रंग धड पांढरा नव्हता की धड काळा. "हे तर आपलं पोतेरं!" सासूबाई म्हणाल्या आणि त्याचं नाव पोतेऱ्याच पडलं. रोज सकाळी म्हातारी आणि कुत्रा गल्लीच्या पलीकडच्या माळावर जायचे आणि कपड्यांना कुसळं, पायांना चिखल घेऊन परत यायचे. मग मागच्या खोलीतल्या दिवाणावर बसून, तेल लावलेलं डोकं भिंतीला टेकवून सासूबाई डोळे मिटायच्या आणि पोतेऱ्या त्यांच्या पायांवर हनुवटी ठेवून झोपायचा.

मग त्यांच्या छातीत कफ झाला. इस्पितळात नेलं, औषधं झाली, नळ्या झाल्या. फुप्फुसं थकलेली होती. म्हातारी गेली.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की यात कुणाची चूक नाही. पण सिस्टरच्या मनात काटा रुतून बसला. ती त्याच इस्पितळात हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खोलीची प्रमुख होती. चिमटे, कात्र्या, वाट्या धुऊन पुसून हिरव्या कापडात बांधायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या, आणि गठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीवर वाफ नीट लागल्याचे काळे पट्टे उमटले तरच तो गठ्ठा बाहेर सोडायचा, हे तिचं काम. पट्टे उमटले नसतील तर मोठ्यातल्या मोठ्या सर्जनलाही ती तोंडावर सांगायची, "सर, हात लावायचा नाही." जगाची हत्यारं आपण जंतुमुक्त करतो आणि आपल्याच घरातलं माणूस जंतूंनी नेलं! हे तिला सहन होईना.

मग तिनं घरात युद्ध पुकारलं. सासूबाईंचा दिवाण गेला, गादी गेली, पोतेऱ्याचं जुनं गोणपाट गेलं. मागच्या अंगणात माती दिसत होती, तिथं फरशी बसली. धूळ नको म्हणून खिडक्या बंद झाल्या. दोन वेळा फिनेल, त्यावर सुगंधी औषधाचा हात, आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर एक यंत्र, जे आपलं आपणच मधूनमधून सुवास सोडायचं. पोतेऱ्याचं माळावर जाणं बंद. अंगणातल्या फरशीवर एक चक्कर मारायची, आल्यावर चारही पाय औषधाच्या पाण्यात बुचकळायचे. एक दिवसाआड औषधी साबणानं अंघोळ. स्वतःलाही ती सोडत नव्हती. इस्पितळात धुतलेले हात ती दाराशी धुवायची, आत येऊन पुन्हा धुवायची.

"सिस्टर, तुमच्या घरात फरशीवर जेवायला बसावं!" शेजारीण कौतुकानं म्हणायची.

"बसा की," नवरा म्हणायचा, "फक्त भाताला फिनेलची चव लागेल."

हसण्यावारी चाललं होतं, तोवर ठीक होतं. पण नवऱ्यानं तसं विचारलं त्याच आठवड्यात एका दुपारी सिस्टरला सुटी होती, आणि त्या दुपारी जे घडलं ते हसण्यासारखं नव्हतं.

ती पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. खिडक्या बंद असल्यामुळे बाहेरचा कसलाच आवाज आत येत नव्हता. भिंतीवरच्या यंत्रानं "फुस्स" केलं. कुणी तरी कानाशी उसासा टाकावा तसा तो आवाज. रोजचाच, पण घरात एकटं असताना तिला तो आवडत नसे. ती मान खाली घालून घड्या घालत राहिली. तेवढ्यात मागच्या खोलीतून दुसरा एक आवाज आला. थप्, थप्, थप्.

ती उठून दारापर्यंत गेली.

मागची खोली रिकामी होती. दिवाण गेल्यापासून तिथं काहीच ठेवलं नव्हतं. त्या रिकाम्या खोलीत पोतेऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचं शेपूट भिंतीतल्या कपाटाच्या दारावर आपटत होतं. तो वर बघत होता. अगदी जमिनीवर नाही आणि छताकडेही नाही. बसलेल्या माणसाचं तोंड जिथं असेल, तिथं. मग तो लाडानं कुईकुई करत खाली बसला आणि पुढचे पाय पसरून त्यानं हनुवटी टेकवली. जमिनीवर टेकवली म्हणावी तर जरा अलगद, जसं खाली कुणाचे तरी पाय आहेत.

सिस्टरच्या हातातला टॉवेल गळून पडला.

भिंतीवर, त्याच्या नजरेच्या रेषेत, एक डाग होता. वाटोळा, डोक्याएवढा. तिथं पूर्वी सासूबाईंच्या तेलाचा डाग होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तो तिनं घासला होता, खरवडला होता, त्यावर रंगाचे दोन हात दिले होते. पांढऱ्या रंगाच्या आतून तो पुन्हा वर आला होता. फिकट, पण स्पष्ट.

"पोतेऱ्या," तिनं हाक मारली. "इकडे ये."

पोतेऱ्यानं मान वळवली. तो उठला, तिच्या बाजूनं निघून गेला आणि पुढच्या दाराशी जाऊन बसला. वाट बघत.

घरात असलेल्या माणसाची तो वाट बघत होता, आणि जे माणूस कधीच गेलं होतं, त्याच्या पायाशी जाऊन झोपत होता!

सिस्टर काही भित्री बाई नव्हती. जन्म इस्पितळात गेला होता. मरणाला ती नावानं ओळखत होती. तिनं ठरवलं, काय तो सोक्षमोक्ष लावायचा. ती मागच्या दारानं बाहेर पडली, घराला वळसा घालून गल्लीत आली आणि रोज येते तशी पायरी चढून तिनं दार लोटलं.

"पोतेऱ्या, मी आले रे!"

आवाज ऐकताच तो उडाला. शेपूट, कंबर, सगळं अंग हलत होतं. धावत येऊन त्यानं तिच्या हाताला नाक लावलं. शेपूट मंदावलं. थांबलं. तो तिच्या मागं गेला, पायरी उतरला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग वळून त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या पाठीवरचे केस एकेक करून उभे राहिले. परक्या बाईनं आईच्या आवाजात हाक मारावी आणि पोरानं दचकून मागं सरावं, तसा तो मागं मागं सरत गेला.

सिस्टरच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतका वेळ तिला वाटत होतं, घरात सासूबाईंचं भूत आहे. पण पोतेऱ्याच्या लेखी सासूबाई होत्या तिथंच होत्या, सुखानं भिंतीला डोकं टेकवून. त्याच्या लेखी भूत होती ती सिस्टर! नुसता आवाज. त्याच्यामागे माणूसच नाही!

नवरा आला तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. तिनं सगळं सांगितलं. तो मागच्या खोलीत जाऊन डाग बघून आला.

"तेलावर रंग धरत नाही गं," तो म्हणाला. "आईनं वर्षानुवर्षं डोकं टेकवलंय. भिंतीच्या पोटात गेलंय ते. कितीही रंग दे, वर येणारच."

"आणि मी? मला का ओळखत नाही तो?"

त्यानं तिला दुसरीच एक गोष्ट दाखवली. पोतेऱ्याचं ताट तसंच भरलेलं होतं, कालचंही. आणि तो सारखे पाय चाटत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर वयस्क होते, बोलायला फटकळ, हातानं मऊ. त्यांचा दवाखाना एका जुन्या झाडाखाली होता आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या. त्यांनी पोतेऱ्याला टेबलावर घेतलं, तळवे उलटे करून बघितले, जीभ बघितली, नाकपुड्यांत प्रकाश टाकून बघितलं.

"पाय कधीपासून चाटतो?"

"सवय आहे त्याला," सिस्टर म्हणाली.

"सवय नाही ताई, आग होते म्हणून चाटतो. चाटतो म्हणून फरशीवरचं औषध पोटात जातं. पोटात जातं म्हणून जेवत नाही. फरशी कशानं पुसता?"

सिस्टरनं सांगितलं. एकेका बाटलीचं नाव, किती पाण्यात किती टोपणं, सगळं काटेकोर. सांगताना तिची मान अभिमानानं ताठ होत गेली आणि डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला.

"तुमचे हात बघू."

"मी पेशंट नाहीये, डॉक्टर."

"दाखवा तर खरं!"

तिनं हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल झाली होती, तळव्यांना भेगा पडल्या होत्या. डॉक्टरांनी तिचा हात धरला आणि टेबलावर पोतेऱ्याच्या पंजाशेजारी ठेवला. बघताना नवऱ्याला गलबलून आलं. दोन्हीकडे तीच लाली, त्याच भेगा.

"आजार एक," डॉक्टर म्हणाले, "पेशंट दोन."

मग सिस्टरनं वाट बघण्याची गोष्ट सांगितली. भिंतीची, डागाची, पायरीवरची. शेवटी डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ताई, कुत्रा डोळ्यांनी माणूस अर्धाच बघतो. उरलेला नाकानं बघतो. तुम्ही स्वतःचा वास रोज धुऊन टाकता, आणि घरी येताना औषधाचा वास अंगावर घालून येता. त्याच्या कानांना तुम्ही ऐकू येता, पण नाक सांगतं, ही नव्हेच! त्याच्या हिशेबात रोज संध्याकाळी घरी एक बाटली येते. तुम्ही येतच नाही. तो बिचारा खरोखर तुमची वाट बघतोय. किती महिने झाले, कुणास ठाऊक."

सिस्टरचा चेहरा लाल झाला. "डॉक्टर, एक कात्री नीट निर्जंतुक झाली नाही तर माणूस दगावतो. मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही मला घाणीत राहायला सांगताय?"

"छे, छे! तुमच्या त्या कामाला माझा हात जोडून नमस्कार आहे. पण ऑपरेशनच्या खोलीत पोट उघडं टाकून माणूस झोपलेला असतो. तुमच्या घरात कुणाचं पोट उघडं आहे?"

नवऱ्याला हसू आवरेना. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"आणि त्या खोलीत कुणी राहत नाही, ताई. काम झालं की सगळे बाहेर पडतात, मोकळ्या हवेत. तुम्ही मात्र तिथंच संसार मांडलाय. घाण वेगळी आणि वास वेगळा. धूळ वेगळी आणि माती वेगळी. अति तिथं माती म्हणतात. तुमच्याकडे अति झालं, आणि माती मात्र औषधालासुद्धा उरली नाही!"

"माझ्या सासूबाई गेल्या त्या जंतूंनीच गेल्या," सिस्टर म्हणाली.

"ते जंतू या कुत्र्यानं आणले, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नाही."

"माळावरच्या मातीनं आणले?"

सिस्टर पोतेऱ्याच्या पंजाकडे बघू लागली.

"मग हे साप समजून भुई धोपटणं झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा स्वर आता मऊ झाला होता. "माणूस गेलं की काही तरी धोपटावंसं वाटतं, हे मला कळतं. पण मार बसतोय तो घरात उरलेल्या जिवांना. त्याला लस वेळेवर द्या, जंतांचं औषध चुकवू नका. जेवणाआधी साध्या साबणानं हात धुवा. फरशी साध्या पाण्यानं पुसा. खिडक्या उघडा, ती भिंतीवरची यंत्रं काढा. आणि रोज त्याला माळावर न्या. तो हुंगत उभा राहिला तर दोरी ओढू नका. तेच त्याचं बघणं आहे, तेच त्याचं फिरणं आहे. आणि तुम्हीही त्याच्याबरोबर चाला, घाम येईपर्यंत. हे औषध दोघांना सारखंच."

सिस्टर सगळं ऐकून घेऊन घरी आली. पटलंही होतं. पण सवय मोठी वाईट! कुत्र्यासाठी तिनं रजा घेतली होती, नवरा दुकानात परतला होता, दुपार कलली आणि हात आपोआप बादलीकडे गेले. आज शेवटचं, असं म्हणत तिनं फरशी पुसली आणि वाळायला म्हणून पुढचं दार उघडं ठेवलं. पोतेऱ्या उंबऱ्यावर होता, पाठमोरा. उंबराही ओला झाला होता, तिथं बसून त्याचे दुखरे पाय औषधात भिजत राहू नयेत म्हणून तिनं त्याला मागच्या कोरड्या खोलीतून हाक मारली, "पोतेऱ्या! इकडे ये रे, इकडे!"

तो उठला. त्यानं आत बघितलं, बाहेर बघितलं. आत तर कुणीच नव्हतं. त्याच्या नाकाला तरी कुणी सापडलं नाही. मग हाक मारणारी बाहेरच असणार. तो पायरी उतरला आणि तिला शोधायला निघून गेला.

ती पुढे आली तेव्हा उंबरा रिकामा होता. पायरीवर त्याच्या पावलांचे ओले ठसे तेवढे होते, आणि तेही वाळत चालले होते.

तिनं गल्ली पालथी घातली. घरातल्या सपाताच पायात होत्या. शेजारणीला विचारलं, पानाच्या टपरीवर विचारलं. कुणी तरी माळाकडे बोट दाखवलं. ती धावत सुटली. थंडीचे दिवस होते, ऊन उतरलं होतं आणि माळाच्या पलीकडच्या तळ्यावरून धुकं सरपटत वर येत होतं. बघता बघता झुडपं दिसेनाशी झाली, मग दगड, मग तिची स्वतःची पायवाट.

"पोतेऱ्या! पोतेऱ्याऽ!"

धुक्यात हाक एका जागी राहत नव्हती. ती डावीकडून परत येई, मग पाठीमागून. आपलाच आवाज आपल्याभोवती फिरतोय, असं तिला झालं. एका सपातेचा पट्टा तुटला, दुसरी चिखलात रुतली. ती अनवाणी धावत राहिली, पडली, कोपरं फुटली, पुन्हा उठली. घामानं अंग निथळत होतं.

आणि मग तो तिला दिसला. धुक्यात एक मळकट ठिपका.

पण तो शोधत नव्हता, धावत नव्हता. तो चालत होता. अगदी सावकाश, एखाद्या थकलेल्या माणसाच्या पावलाला पाऊल लावून चालावं तसा. चार पावलं गेला की थांबे, मान वळवून वर बघे, जरा वेळ उभा राही, आणि मग पुन्हा चालू लागे. उजव्या अंगाला त्यानं एका माणसापुरती जागा सोडली होती.

हीच ती सासूबाईंची वाट. ते असंच चालायचे, धाप लागली की थांबत. सिस्टरनं कामावर जाताना दुरून कितीदा तरी बघितलं होतं.

तिनं हाक मारली. तो दचकला आणि भलत्याच दिशेला दोन पावलं पळाला. पुन्हा हाक मारली, तो आणखी दूर गेला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण हाक मारतोय म्हणूनच तो घाबरतोय! तिनं तोंडावर हात दाबला. ती तिथंच मातीत बसली आणि वर्षभरात जे रडली नव्हती, ते रडली.

"आई," ती म्हणाली, अगदी हळू, "मी काय करू सांगा ना. मला तुम्हाला वाचवता आलं नाही हो."

धुकं हललं नाही. कुठं पान वाजलं नाही. पोतेऱ्या थांबला. त्यानं शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं. कुणी तरी 'जा' म्हणावं आणि मग पोरानं जावं, तसा तो वळला आणि तिच्या दिशेनं यायला लागला.

नेहमीसारखाच तो तिच्या बाजूनं पुढे निघून गेला. तिनं डोळे मिटून घेतले.

मग पावलं थांबली. मागं फिरली. ओलसर, गार नाक तिच्या मनगटाला लागलं, तिथून कोपरावरच्या चिखलाला, मानेला, घामानं चिकटलेल्या केसांना. त्याचा श्वास भराभर चालू होता. आणि एकदम पोतेऱ्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला, भुंकणं नाही, रडणं नाही, की तिच्या काळजाचं पाणी झालं! त्यानं तिला उताणी पाडलं. तोंड चाटलं, हात चाटले, गोल गोल धावला, पुन्हा येऊन अंगावर पडला. इतके महिने परगावी गेलेलं माणूस अखेर घरी परतलं होतं!

"आले रे," ती हसत होती आणि रडत होती. "आले मी. खरंच आले!"

तिला शोधत आलेला नवरा धुक्यातून पुढे आला, तेव्हा दोघांच्याही अंगावर ओळखू येऊ नये इतका चिखल होता.

"अरे बापरे! आता आधी कुणाला धुवायचं?" तो म्हणाला.

"कुणालाच नको," सिस्टर म्हणाली. "जरा बसू द्या आम्हाला."

त्यानंतर त्या घरात बरंच बदललं, पण एका दिवसात नाही. भिंतीवरची यंत्रं गेली. खिडक्या उघडल्या, तेव्हा पहिले काही दिवस धूळ बघून सिस्टरचा जीव वरखाली व्हायचा. मग होईनासा झाला. अंगणातल्या मधल्या फरश्या उचलल्या आणि तिथं माती मोकळी केली. पोतेऱ्यानं पहिल्याच दिवशी खड्डा खणून त्यात अंग टाकलं. त्याचे तळवे भरून आले. सिस्टरचे हातही. ती रोज कामावर जायच्या आधी त्याला माळावर नेते, आणि तो हुंगत उभा राहिला की तीही उभी राहते. इस्पितळात ती पूर्वीइतकीच कडक आहे. काळे पट्टे नसलेला गठ्ठा आजही बाहेर पडत नाही. मात्र तिथून निघताना अंगावरचं औषध ती तिथंच साध्या पाण्यानं धुऊन टाकते आणि चालत घरी येते. मागच्या खोलीतल्या भिंतीला तिनं पुन्हा रंग दिला नाही. अधूनमधून पोतेऱ्या तिथं जाऊन बसतो, वर बघतो, शेपूट हलवतो. तेव्हा घर फार शांत होतं आणि सिस्टरच्या अंगावर अजूनही बारीकसा शहारा येतो. पण ती त्याला हाक मारत नाही. ज्याची त्याची भेट ज्याला त्याला होऊ द्यावी, असं तिला वाटतं.

परवा शेजारणीनं एक पिल्लू आणलं. एवढंसं ते, पण चारही पायांत मोजे, अंगाला सुवासाची पावडर, आणि बाई त्याला जमिनीवर टेकूच देत नव्हत्या. "बाहेर किती घाण असते, सिस्टर! तुम्हाला तर माहीतच आहे."

सिस्टरनं ते पिल्लू हातात घेतलं, मोजे काढले आणि त्याला मातीत ठेवलं. पिल्लू आधी थबकलं, मग नाक खाली घालून असं काही निघालं, की जणू जगाचं दार त्याच दिवशी उघडलं होतं.

"लस दिलीत ना? मग घाबरू नका," सिस्टर म्हणाली. "घाणीपासून त्याला जरूर जपा. पण मातीपासून जपू नका. आणि तुमच्यापासून तर मुळीच नको."

मंडळी, आपणही प्राणी घरात आणतो ते मोठ्या हौसेनं, आणि मग त्याला आपल्या बाटल्यांच्या, बंद खिडक्यांच्या, चकचकीत फरश्यांच्या जगात कोंडून ठेवतो. हळूहळू आपणही तिथंच कोंडले जातो, आणि ते आपल्याला कळतही नाही. कुत्र्याला लागतं तेच आपल्यालाही लागतं. वाहती हवा, पायाखाली माती, दिवसाकाठी थोडा घाम, आणि ओळखीच्या माणसाचा ओळखीचा वास. घर झाडा, पुसा, स्वच्छ ठेवा. पण राहत्या घरातलं जगणंच पुसलं जाईल, इतकं पुसू नका!